जिभेची साक्ष

पुडीतली भुकटी कोमट पाण्यात विरघळली, तसा लियाओ श्वेगन यांनी त्यातला चमचाभर काढा स्वतःच्या तोंडात घातला आणि डोळे मिटले. पलीकडच्या खोलीत त्यांची बायको ल्यानयिंग बंद टीव्हीसमोर बसून पडद्यात दिसणाऱ्या खिडकीकडे बघत होती.

काढा त्यांनी आधी जिभेच्या टोकावर धरला, मग दोन्ही कडांना फिरवला आणि शेवटी मान थोडी मागे टाकून जिभेच्या मुळाशी नेला. आधी गोडसर लागलं. मग कडू. त्यानंतर जे यायला हवं होतं, ते आलं नाही. वेखंडाचा उग्र वास नाकात चढला नाही. युआनझीच्या मुळीने घशाला जी खरखर सुटते, ती सुटली नाही. त्यांनी तोंडातलं बेसिनमध्ये थुंकलं, चूळ भरली आणि दुसरा चमचा घेतला. तेच.

“खोटं आहे,” ते नळाकडे बघत म्हणाले.

याचा त्यांना राग यायला हवा होता. आला तो आनंद. पुडी खोटी असेल, तर खरं औषध अजून बाकी होतं.

जांगशू गावात वाढलेल्या माणसाने जिभेवर विश्वास ठेवला तर त्यात नवल काही नाही. गान नदीच्या काठचं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या औषधी मुळ्यांवर जगलं आहे. मुळ्या सुकवायच्या, भिजवायच्या, त्यांचे पातळ काप काढायचे, काही मधात परतायच्या, काही दारूत वाफवायच्या. लियाओंची सगळी नोकरी तिथल्या काप-कारखान्यात भट्टीवर गेली. युआनझीची कच्ची मुळी घशाला काथ्यासारखी खरवडते आणि पोट ढवळून काढते. ती ज्येष्ठमधाच्या पाण्यात उकळावी लागते. कमी उकळली तर माणूस ओकतो, आणि जास्त उकळली तर मुळीत काही उरत नाही. नेमकी किती झाली हे घड्याळ सांगत नाही. लियाओ कढईतून एक काप उचलून तोंडात टाकायचे, चावायचे, थुंकायचे, आणि मग ‘उतरवा’ किंवा ‘राहू द्या’ म्हणायचे. लांबलांबचे दलाल माल घेताना विचारायचे, “लियाओ उस्तादांनी चाखलाय ना?”

ल्यानयिंग त्याच कारखान्यात मुळ्यांचा गाभा काढणाऱ्या बायकांच्या रांगेत बसायची. ओलसर मुळी बोटांनी मळायची आणि आतली काडी एका हिसक्यात ओढायची. काडी तुटली तर मुळी वाया. तिच्या हातात काडी तुटत नसे. त्या मुळीचा तपकिरी डाग नखांत इतका मुरायचा, की लग्नाच्या फोटोतही तिने हात पाठीमागे धरले आहेत.

आता त्या हातांना काम नव्हतं. आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. मग बाजारातून घरी येताना ती नदीच्या घाटावर जाऊन उभी राहिली आणि होडीवाल्याला म्हणाली, मला घरी सोड. मुलगी रुईपिंग प्रांताच्या राजधानीत एका शाळेत शिकवायची. तिने आईला तिकडच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. आजाराचं नाव कळलं, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आजार थोडा रेंगाळतो, थांबत नाही, हेही तिथेच कळलं.

त्याच रुग्णालयात एका देशी काढ्याची चाचणी चालली होती. युआनझी, वेखंड, जिनसेंग आणि आणखी काही. रुईपिंगला रुग्णालयावर विश्वास होता आणि बापाला मुळ्यांवर. दोघांचं एकमत झालं असं घरात बऱ्याच वर्षांनी घडलं होतं.

चाचणी बघणाऱ्या डॉक्टर तांग वयाने रुईपिंगएवढ्याच. त्यांनी समजावून सांगितलं, की निम्म्या रुग्णांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना नुसतं तसं दिसणारं. कोणाला काय, ते संगणक ठरवणार.

“म्हणजे माझ्या बायकोला तुम्ही महिनोन्‌महिने साखरपाणी पाजणार?” लियाओ म्हणाले.

“पाजूही शकतो, काका.”

“आणि ते तुम्हालाही कळणार नाही?”

“मलाही नाही.”

“मग तुम्ही डॉक्टर कसल्या?”

रुईपिंगने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. डॉक्टर तांग हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, “ज्यांना खोटं मिळालं, त्यांना चाचणी संपल्यावर खरं मिळेल. अट एकच आहे. घरात दुसरी कुठलीही मुळी उकळायची नाही. तुम्ही त्या गावचे, म्हणून पुन्हा सांगते. कुठलीही नाही.”

लियाओंनी कबूल केलं. घरी आल्यावर रुईपिंगने औषध उकळायचं जुनं मातीचं भांडं उचललं आणि जाताना सोबत घेऊन गेली. “असलं की हात शिवशिवतात तुमचे,” म्हणाली.

पुड्या चाखायच्या नाहीत, असं त्यांनी स्वतःलाही बजावलं होतं आणि बरेच महिने ते पाळलं. हे सगळं मोडलं ते एका सकाळी. ते बाजारातून तांदळाच्या शेवया घेऊन आले, तर दाराला आतून कडी.

“ल्यानयिंग, दार उघड.”

“कोण?”

“मी.”

“मी म्हणजे कोण? घरात गडीमाणूस नाही. नंतर या.”

“अगं, मी श्वेगन.”

“आमचे हे कामावर गेलेत,” आतून आवाज चढला. “गोंग वहिनी! ओ गोंग वहिनी! कोणीतरी बाप्या दार ढकलतोय!”

शेजारच्या गोंग वहिनी हातात झाडू घेऊन बाहेर आल्या. दारात लियाओंना पाहून त्यांनी झाडू खाली केला आणि कुठे बघावं ते न सुचून पायरीच झाडायला लागल्या. लियाओ बाहेर उभे राहिले. पिशवीतल्या शेवया गार झाल्या. बऱ्याच वेळाने ल्यानयिंगने आपणहून कडी काढली आणि म्हणाली, “बाहेर काय उभे? या की.” मधलं काहीच तिच्या लक्षात नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी पुडी चाखली.

चाचणी संपेपर्यंत थांबायचं, तर तोवर हिला आपण कोण हे आठवेल का? आणि तेव्हा खरं औषध मिळून ते काम करणार कशावर? तेलच संपलं तर वात पेटवून काय करणार? दुसरीकडे, आता घरात काढा दिला आणि उघडकीला आलं, तर चाचणीतून नाव जाईल, आणि नंतर मिळणारं औषधही जाईल. त्यांनी दिवसभर दोन्ही बाजू तोलल्या. संध्याकाळी ते शेजारी गेले.

“वहिनी, औषधाचं भांडं द्या जरा.”

“कोणासाठी?”

“माझ्यासाठी. खोकला झालाय.”

“भिंतीपलीकडून ऐकू कसा नाही आला? तुमची बाकी सगळी भांडणं ऐकू येतात मला.”

“आता येईल ऐकू.”

गोंग वहिनींनी फडताळातून भांडं काढलं. आतून काळं पडलेलं, एका बाजूला दांडा, चोचीला टवका. “नवीन का नाही आणत, भाऊजी? बाजारात ढिगाने पडलीत.”

“नव्या भांड्याला मातीची चव येते. जुनं ते जुनं.”

“न्या. पण परत आणून देऊ नका हं.”

“मला शिकवता?” लियाओ म्हणाले.

त्या गावात औषधाचं भांडं उसनं नेणारा ते परत करत नाही. परत केलं तर त्यासोबत दुखणंही त्या घरात जातं. ज्याचं आहे त्याने गरज पडेल तेव्हा येऊन न्यायचं. म्हणून भांडं लियाओंच्या चुलीवरच राहणार होतं, दिसेल असं. ते त्यांनी तांदळाच्या पिंपामागे लपवलं.

मुळी त्यांनी बाजारातून जुन्या सहकाऱ्याकडून आणली. गाभा न काढलेली. काढलेली मिळत नव्हती असं नाही, पण दुसऱ्याच्या हातचं त्यांना चालत नसे. मुळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, मऊ झाल्यावर टोपलीत घातल्या आणि टोपली टेबलावर ठेवून ते सुरी आणायला वळले. परत आले तर ल्यानयिंगने टोपली मांडीवर घेतली होती.

ती मुळी मळत होती. अंगठा आणि दोन बोटं. काडीचं टोक दिसताच तिने ते नखाने धरलं आणि ओढलं. काडी अख्खी बाहेर आली. तिने ती डाव्या बाजूला टाकली, मुळी उजव्या बाजूला ठेवली आणि न बघता दुसरी उचलली.

लियाओ हातात सुरी घेऊन तसेच उभे.

“हा माल कोणी भिजवला?” ल्यानयिंग म्हणाली. “पाणी जास्त झालंय.”

“मी.”

“नवीन आहात वाटतं.”

“हो.”

“उस्तादांना दाखवला नाही?”

“कोण उस्ताद?”

“लियाओ. भट्टीवरचा.” तिने आवाज खाली आणला. “जिभेचा फार तोरा आहे त्याला. जेवायला बसला तरी भाजी अशी चाखतो, जशी काही दलालाला विकायची आहे.” ती हसली. “पण माणूस वाईट नाही. तुम्ही ते दार लावून घ्या, वारा येतोय. काड्या उडतात.”

त्यांनी दार लावलं आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. टोपली रिकामी होईपर्यंत एक काडी तुटली नाही. त्यांना वाटलं, अजून आहे. आत कुठेतरी सगळं जागेवर आहे. नुसता कफाचा पडदा आला आहे त्यावर. या गावातला प्रत्येक जुना माणूस हेच सांगेल, की स्मरण जातं ते कफाने वाट अडवली म्हणून, आणि युआनझी ती वाट मोकळी करते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी रुग्णालयाची पुडी आणि दुपारी घरचा काढा असं सुरू झालं. पुडी बंद करता येत नव्हती, कारण रिकामी पाकिटं तपासणीला न्यावी लागत. शिवाय खोट्या पुडीने बिघडणार काय होतं? काढ्यात मुळी त्यांनी नेहमीच्या मापापेक्षा जास्त घातली. वाया गेलेले महिने भरून काढायचे होते.

पहिले काही दिवस बरे गेले. ल्यानयिंग शांत झोपू लागली. एकदा तिने विचारलं, “रुईपिंग येणार का रविवारी?” मुलीचं नाव तिच्या तोंडून कितीतरी दिवसांनी आलं होतं. लियाओंनी अंगणात जाऊन कोंबड्यांना दाणे घातले. ते आधीच घातले होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग तिचं जेवण तुटलं. पेज पुढे ठेवली की ती वाटी बाजूला सारायची. एका दुपारी ती ओकली. चिकट, फेसाळ. लियाओंनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

कफ. सुटतो आहे.

कुणा दुसऱ्या गावच्या माणसाने यात दुखणं पाहिलं असतं. लियाओंनी यात गुण पाहिला. वाट अडवून बसलेलं बाहेर पडतं आहे, म्हणजे औषध लागलं. त्यांनी मुळी कमी केली नाही. एक चिमूट वाढवली.

“नको,” ल्यानयिंग म्हणाली. तिने ओठ घट्ट मिटले.

“थोडंच आहे.”

“घसा खरवडतो.”

“खरवडलाच पाहिजे. घे.”

तिने घेतलं. कोणी सांगेल ते ऐकणं तेवढं तिच्यात उरलं होतं.

रविवारी रुईपिंग आली तेव्हा आई अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडलेली होती. शुद्ध होती, पण हाक मारली की डोळे फिरवायची आणि पुन्हा मिटायची. ओठ सुकलेले, हात गार.

“कधीपासून?” रुईपिंग ओरडली.

“आत्ताच. सकाळी बरी होती.”

“बाबा, हे आत्ताचं दिसतं तुम्हाला?”

रुग्णवाहिकेत त्यांना पुढे बसवलं. मागच्या काचेतून त्यांना बायकोचा एक तळपाय दिसत होता. मोजा निघाला होता.

राजधानीच्या रुग्णालयातल्या तातडीच्या विभागात एक दांडगा, घाईतला डॉक्टर होता. त्याने नाडी पाहिली, पडद्यावरची रेघ पाहिली आणि विचारलं, “काय खाल्लं?”

“पेज,” लियाओ म्हणाले. “रोजचीच.”

“औषधं?”

रुईपिंगने गोळ्यांचं नाव सांगितलं, चाचणीची पुडी दाखवली.

“याशिवाय काही? गावठी, घरगुती, कोणी दिलेलं, काहीही?”

“नाही,” लियाओ म्हणाले.

शब्द त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघाला, की त्यांनाच तो दुसऱ्याचा वाटला.

“नाडी फार मंद आहे,” डॉक्टर रुईपिंगला म्हणाला. “गोळ्यांमुळे असेल, पोट बिघडून पाणी कमी झाल्यामुळे असेल, नाहीतर डोक्यात काही झालं असेल. आधी डोक्याचा फोटो काढू. तसं निघालं तर उपचार वेगळे. कारण कळत नाही तोवर मी चाचपडतो आहे.”

डॉक्टर गेला. ल्यानयिंगच्या हाताला सलाइन लागलं. लियाओ पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. त्यांचं डोकं हिशेब करत होतं. बोललो तर नाव गेलं, पुढे मिळायचं खरं औषधही गेलं. नाही बोललो, तर सलाइनने उतरेलही. घरात रुळलेली मुळी आहे, विष नाही. आपण स्वतः उकळली, स्वतः चाखली. आपल्या जिभेखालून गेलेला माल कधी कोणाला बाधला नाही.

पडद्यावरची रेघ उठायची, आणि पुढची उठेपर्यंत त्यांचा श्वास अडकून राहायचा.

रुईपिंगने ओला रुमाल घेतला आणि आईचं तोंड पुसलं. मग हात. उजव्या हाताची बोटं पुसताना ती थांबली. तिने रुमाल पाहिला, पुन्हा बोटं पाहिली.

“बाबा, आईच्या नखांत काय आहे?”

“माती. अंगणात पडली ना.”

रुईपिंगने आईचा हात नाकाशी नेला. लियाओ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

“मी याच हातून भात खाल्लाय लहानपणी,” ती हळू आवाजात म्हणाली. “भाताला हाच वास यायचा. शाळेत पोरी मला मुळी म्हणायच्या. माती म्हणे!”

लियाओंची नजर घड्याळावरून हलली नाही.

“बाबा, तिकडे तो माणूस तिच्या डोक्यात काय झालं ते शोधतोय. तुम्ही इथे घड्याळ बघताय. किती दिलंत?”

“ती चाचणीतून जाईल,” लियाओ म्हणाले.

“ती जाईल, बाबा. चाचणी राहील.”

त्यांनी घड्याळावरून नजर काढली. मग पलंगाचा दांडा धरून ते जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, “बोलाव त्याला.”

डॉक्टर आला, त्याच्या मागोमाग डॉक्टर तांगही आल्या. रविवार असल्याने त्या घरच्या कपड्यांत होत्या, त्यावर पांढरा कोट. लियाओंनी सगळं सांगितलं. मुळी कुठून आणली, कशी उकळली, किती घातली. माप मुठीने सांगितलं. डॉक्टर तांग यांनी त्यांची मूठ धरून निरखली, जणू ते एखादं भांडं होतं.

“इतकी? रोज?”

“पुडीत ती नव्हतीच म्हणून.”

“नव्हती हे कशावरून?”

“चाखून.”

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. घाईतला डॉक्टर म्हणाला, “पुडीत खरं औषध असेल तर पोटात दुप्पट गेलंय, वर त्या गोळ्या. यांना खरी मिळाली की खोटी, ती संगणकातली नोंद मला कळलीच पाहिजे. उघडा.”

“उघडली की काकू चाचणीच्या बाहेर, काका,” डॉक्टर तांग म्हणाल्या.

“उघडू नका,” लियाओ म्हणाले. “मी सांगतो ना, खोटं आहे. तसं धरूनच उपचार करा. माझ्या जिभेवर सबंध गावाने माल घेतलाय.”

“मी तुमच्या जिभेवर सलाइनचं औषध ठरवू?” घाईतला डॉक्टर म्हणाला.

डॉक्टर तांग यांनी फोन लावला. रुग्णाचा क्रमांक सांगितला, तो पुन्हा सांगितला, थांबल्या. “हो. तातडीची गरज आहे. हो.” पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. लियाओ त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांना लहानपणापासून देवाकडे काही मागायची सवय नव्हती. आत्ता त्यांनी मागितलं. खोटं निघू दे.

“बरं,” डॉक्टर तांग म्हणाल्या आणि फोन खाली केला. “खरं होतं, काका. पहिल्या दिवसापासून.”

घाईतला डॉक्टर परिचारिकेला हाका मारत पळाला.

“चूक झाली असेल त्यांची,” लियाओ म्हणाले.

“नाही.”

“वेखंडाचा वास नव्हता. घशाला लागत नव्हतं.”

“वास आम्ही उडवून टाकला. घशाला लागतं ते कारखान्यात दाबलं, वर गोडी घातली. खोट्या पुडीत कडवटपणासाठी खऱ्यातलं चिमूटभर टाकलं. दोन्ही चवीला सारखी व्हावीत म्हणून आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. औषधांच्या बाजारांतले जुने जाणकार बोलावून त्यांना चाखायला लावलं. कोणी याला खरं म्हणालं, कोणी त्याला. तेच हवं होतं आम्हाला.”

“मला बोलावलं असतं, तर...”

“तुम्हीही चुकला असता. चुकलातच की.”

हे त्या टोचून म्हणाल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं.

लियाओ बाकावर बसले. खरं होतं. म्हणजे बंद टीव्हीसमोरचं बसणं खऱ्या औषधावर. दाराची कडी खऱ्या औषधावर. आमचे हे कामावर गेलेत, तेही खऱ्या औषधावरच. बेसिनपाशी त्या दिवशी झालेला आनंद त्यांना आठवला.

“मग याचा उपयोग होतो की नाही?” त्यांनी विचारलं.

“एका माणसावरून सांगता येत नाही. कदाचित काहीच होत नसेल. कदाचित औषध नसतं तर त्यांनी कडी आणखी आधीच लावली असती. तेच कळावं म्हणून एवढे रुग्ण घेतले होते.” डॉक्टर तांग यांनी फोन कोटाच्या खिशात टाकला. “आता काकूंवरून काहीच कळणार नाही, ना तुम्हाला, ना मला.”

रुईपिंग पलंगापाशी उभी होती. तिने बापाकडे पाहिलं नाही.

नाडी दुसऱ्या दिवशी जागेवर आली. डोक्यात नवीन काही झालं नव्हतं. गोळ्या कमी करून, पुड्यांची उरलेली पेटी परत घेऊन रुग्णालयाने त्यांना घरी सोडलं. गाडीत ल्यानयिंग खिडकीशी बसली आणि वाटेतल्या शेतांना शेजाऱ्यांची नावं देत राहिली.

घरी आल्यावर रुईपिंगने पिंपामागून भांडं बाहेर ओढलं. “हे कोणाचं?”

“गोंग वहिनींचं. टाकू नको. परतही देता येत नाही.”

“मग काय त्याला हार घालायचा?”

संध्याकाळी गोंग वहिनी आपणहून दारात आल्या. “भाऊजी, खोकला गेला का?”

“गेला.”

“मग भांडं नेते. आमच्याकडे लागतंय.”

त्यांच्या घरी कोणी आजारी नव्हतं. भांडं पदराखाली घ्यावं तसं जॅकेटखाली घेऊन त्या निघून गेल्या. भिंतीपलीकडे फडताळाचं दार वाजलं.

पिशवीत उरलेल्या मुळ्या मात्र कोपऱ्यात तशाच होत्या. रुईपिंग त्या उकिरड्यावर टाकायला निघाली, तर ल्यानयिंगने पिशवीला हात घातला आणि सोडेना. ओढाताण झाली.

“आई, सोड.”

“माल आहे हा. टाकतेस काय? कोणाच्या रांगेतली तू?”

रुईपिंगने बापाकडे पाहिलं, रुग्णालयापासून पहिल्यांदाच.

“नुसतं हाताला काम,” लियाओ म्हणाले. “चूल पेटणार नाही. गाभा काढून झाला की मी बाजारात परत देऊन येईन. तोवर तू समोर बस. माझ्यावर सोडू नको.”

रुईपिंगने चूल विझलेली आहे ना, ते वाकून पाहिलं. मग तिने पिशवी टेबलावर ओतली, मुळ्या ओल्या फडक्यात घातल्या, मऊ झाल्यावर टोपलीत काढल्या आणि स्टूल ओढून आई आणि बाप यांच्या मध्ये बसली. ल्यानयिंगची बोटं चालू लागली. मळायचं, ओढायचं, डावीकडे काडी, उजवीकडे मुळी. रुईपिंग प्रत्येक मुळीवर डोळा ठेवून होती.

अर्धी टोपली झाल्यावर ल्यानयिंगने एक मुळी उचलून लियाओंपुढे धरली. “चाखून बघा.”

रुईपिंगचा हात अडवायला पुढे आला. लियाओंनी मानेनेच तिला ‘राहू दे’ म्हटलं, मुळी घेतली, एक कपचा दाताखाली धरला. कच्ची होती. घसा काथ्याने खरवडावा तसा खरवडला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ती हातरुमालात थुंकली.

“कशी आहे?” ल्यानयिंगने विचारलं.

“मला नाही कळत,” लियाओ म्हणाले.

तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

“मग भट्टीवर कशाला आलात?” ती म्हणाली आणि पुढची मुळी उचलली.